पडद्यावरील शिरस्ता

१९८८ सालच्या एखाद्या अमेरिकी कचेरीतील कारकुनाला सकाळी पत्र लिहावयाचे, दुपारी हिशेबाचा तक्ता मांडावयाचा आणि सायंकाळी ग्राहकांची यादी काढावयाची असली, तर एकाच यंत्रासमोर बसून त्याला तीन निरनिराळे शिरस्ते पाळावे लागत. पत्रासाठी 'वर्डपरफेक्ट' असेल, तर मदतीची कळ एफ-३, टाकलेले पाऊल मागे घेण्याची एफ-१ आणि बाहेर पडण्याची एफ-७. तक्त्यासाठी 'लोटस १-२-३' असेल, तर तिरप्या रेघेची कळ दाबून पडद्याच्या माथ्यावर मेन्यू आणावयाचा, त्यातील शब्दांची आद्याक्षरे एकामागून एक टिपावयाची आणि मदत हवी असल्यास एफ-१ दाबावयाची. यादीसाठी 'डीबेस' असेल, तर पडद्यावर एक टिंब तेवढे उभे राही आणि त्याच्यापुढे कोणती आज्ञा लिहावयाची हे ज्याचे त्याला ठाऊक असलेच पाहिजे, असे गृहीत धरलेले असे. त्यातच कोणी 'मायक्रोसॉफ्ट वर्ड'ची डॉस आवृत्ती घेतलेली असली, तर इतरत्र माघारीसाठी राखलेली एस्केप कळ तेथे मेन्यूत शिरण्यासाठी दाबावी लागे, आणि लिहिलेला मजकूर जतन करण्याची आज्ञा 'ट्रान्सफर' या शीर्षकाखाली शोधावी लागे. एका आज्ञावलीत जी कळ साहाय्याला धावून येई, तीच दुसरीत हातचे काम रद्द करी. आणि हा विसंवाद ज्याच्या माथी बसे त्या कारकुनाला बहुधा तो आपल्याच मंदबुद्धीचा परिणाम वाटे.

याचे सारे खापर त्या आज्ञावल्यांच्या कर्त्यांच्या हेकेखोरपणावर फोडणे मात्र अन्यायाचे होईल. १९७८च्या सुमारास 'वर्डस्टार' अवतरली तेव्हा ती ज्या यंत्रांवर चालावयाची होती ती अनेक कारखानदारांची होती, त्यांचे कळफलक परस्परांशी जुळत नव्हते, आणि कित्येकांवर तर बाणांच्या कळाही नव्हत्या. म्हणून तिचा कर्ता रॉब बार्नबी याने कंट्रोल या कळीच्या जोडीला ई, एक्स, एस आणि डी या चार अक्षरांना वर, खाली, डावी आणि उजवी अशा दिशा वाटून दिल्या. ही चार अक्षरे डाव्या हाताखाली चौकटच्या आकृतीत बसलेली असल्यामुळे निष्णात टंकलेखकाला हात न उचलता सबंध पानावर संचार करता येई, आणि या युक्तीचे भक्त पुढे बाणांच्या कळा सर्वत्र उपलब्ध झाल्यावरही तिला चिकटून राहिले. ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हा त्याच्या कळफलकाच्या डाव्या अंगाला दहा कार्यकळा दिल्या खऱ्या. परंतु त्या कशासाठी वापरावयाच्या याचा कोणताही दंडक घालून दिला नाही. बेसिक भाषेत एफ-१ म्हणजे आज्ञांची यादी दाखवणे, डॉसमध्ये एफ-३ म्हणजे मागची आज्ञा पुन्हा उमटवणे, असे त्याच कंपनीच्या घरातही एकमत नव्हते. जमीन मोकळी होती. ज्याने जेथे प्रथम वहिवाट केली, तेथे त्याची मालकी झाली. 'वर्डपरफेक्ट'ने त्या दहा कळांना शिफ्ट, आल्ट आणि कंट्रोल यांची जोड देऊन चाळीस कामे त्यांच्या पदरात घातली, आणि ती कोणाच्याच स्मरणात राहणार नाहीत हे जाणून कळांवर बसवण्यासाठी एक छापील पट्टी दिली: एकटी कळ काळ्या अक्षरांत, शिफ्टसह हिरव्या, आल्टसह निळ्या, कंट्रोलसह तांबड्या. पुढे आयबीएमनेच कार्यकळा उचलून कळफलकाच्या माथ्यावर नेल्या आणि त्यांची संख्या बारा केली, तेव्हा या पट्टीचाही आकार बदलावा लागला.

या अव्यवस्थेचा खर्च कोणाच्या खाती पडत होता हे पाहावयाचे असेल, तर त्या काळच्या हस्तपुस्तिका उघडाव्यात. आयबीएमच्या पुस्तिका कापडी पुठ्ठ्यात, तीन कड्यांच्या बांधणीत आणि वर खोक्याच्या आवरणात येत. कड्यांची बांधणी अशासाठी, की आवृत्ती बदलली म्हणजे जुनी पाने काढून नवी घालता यावीत. एका आज्ञावलीबरोबर शिकवणीचे एक पुस्तक, संदर्भाचे दुसरे, आणि कळांच्या यादीचे घडीपत्रक अशी दौलत येई, आणि तिचे वजन पाहून ग्राहकाला दिलेल्या किमतीचे चीज झाल्याचे समाधानही मिळे. परंतु ही सारी पाने ज्ञानाची नव्हती. त्यांतील पुष्कळशी अपवादांची होती. पडद्यावर जी गोष्ट नियमात बसलेली नसते ती कागदावर स्वतंत्रपणे सांगावी लागते, आणि अशा प्रत्येक गोष्टीमागे एक परिच्छेद, एक सूचना आणि सूचीतील एक नोंद वाढते. आपल्याकडे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि पुढेही काही वर्षे 'वर्डस्टार, लोटस, डीबेस' हे त्रिकूट शिकवणाऱ्या वर्गांचे पेव मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत फुटले होते. त्या अभ्यासक्रमाचे महिने कशात जात, याचा हिशेब कोणी मांडला असता तर बराच भाग तीन आज्ञावल्यांची तीन व्याकरणे पाठ करण्यात जात असे, असेच निष्पन्न झाले असते.

दप्तरी जगाला हा प्रश्न अपरिचित नव्हता. हेमाडपंताच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मेस्तकांत पत्र कोणाला, कोणत्या मायन्याने, कशा क्रमाने लिहावे याचे नियम घालून दिलेले आढळतात. आणि त्या परंपरेत वाढलेल्या कारकुनाला एका सरदाराच्या दप्तरातून दुसऱ्याच्या दप्तरात गेल्यावर लेखनाचा श्रीगणेशा पुन्हा गिरवावा लागत नसे. संगणकाच्या जगात अशा मेस्तकाची गरज सर्वांत आधी ज्यांना उमगली ती मंडळी झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील संशोधन केंद्राच्या परिसरात वावरत होती. एप्रिल १९८१मध्ये झेरॉक्सने 'स्टार' नावाचे कचेरीसाठी बनवलेले यंत्र जाहीर केले. त्याची किंमत सोळा हजार डॉलरांच्या वर असल्यामुळे आणि एकट्याने त्याचा फारसा उपयोग नसल्यामुळे ते व्यापारात यशस्वी झाले नाही. पण त्याच्या कळफलकावर हलवा, नक्कल करा, पुसून टाका, गुणधर्म दाखवा अशा मोजक्या आज्ञांना स्वतंत्र कळा दिलेल्या होत्या, आणि पडद्यावर निवडलेली वस्तू अक्षर असो, आकृती असो की सबंध दस्तऐवज असो, त्याच आज्ञा तिला लागू पडत. विशेष म्हणजे त्याच्या कर्त्यांनी आज्ञावली लिहावयास घेण्यापूर्वी वापरणाऱ्याला काय दिसावे व काय करता यावे याचा तपशीलवार मसुदा तयार केला होता. हा क्रम त्या धंद्यात विरळा होता आणि, दुर्दैवाने, आजही फारसा रूढ झालेला नाही.

झेरॉक्समधून १९८०मध्ये ॲपल कंपनीत गेलेला लॅरी टेस्लर हा या इतिहासातील एक विलक्षण पुरुष. एकच कळ यंत्राच्या एका अवस्थेत एक आणि दुसऱ्या अवस्थेत दुसरेच काम करते, या प्रकाराचा त्याला इतका तिटकारा होता, की आपल्या मोटारीच्या क्रमांकाच्या पाटीवरही त्याने त्या विरोधाची घोषणा मिरवली. ॲपलच्या 'लिसा' या यंत्रासाठी त्याने संगणकाचा गंध नसलेल्या माणसांना बोलावून, त्यांच्या शेजारी बसून, ती कोठे अडखळतात हे टिपून ठेवण्याचा परिपाठ चालवला. आणि आज प्रत्येक खिडकीत दिसणारे 'ओके' हे बटण त्या परिपाठाचे अपत्य आहे. प्रारंभी त्या बटणावर 'डू इट' असे लिहिलेले होते. परंतु त्या टंकात दोन शब्दांमधील जागा इतकी अरुंद दिसे, की एका गृहस्थाने ते इंग्रजीतील मूर्खवाचक 'डोल्ट' असे वाचले आणि यंत्र आपल्याला बुद्दू का म्हणते म्हणून तो रागावला. परत घेणे, कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे या चार क्रियांना कळफलकाच्या तळच्या ओळीतील झेड, एक्स, सी आणि व्ही ही सलग चार अक्षरे देण्याची वहिवाटही 'लिसा'पासूनच पडली. जानेवारी १९८३मध्ये जवळजवळ दहा हजार डॉलर किमतीला आलेली 'लिसा' अल्पायुषी ठरली. तिचे संस्कार तेवढे तिच्या धाकट्या भावंडाकडे गेले.

ते भावंड म्हणजे २४ जानेवारी १९८४ रोजी जाहीर झालेला 'मॅकिन्टॉश', आणि माझ्या मते एकरूपतेच्या या इतिहासात खरी क्रांती येथे झाली; परंतु ती नियमांच्या पुस्तकाने झाली नाही. त्या यंत्राच्या ६४ किलोबाइटांच्या कायमच्या स्मृतीत मेन्यू, खिडक्या, बटणे आणि संवादचौकटी रेखाटण्याची तयार अवजारे कोरून ठेवलेली होती. ज्या कारागिराला नवी आज्ञावली लिहावयाची असेल त्याने ती अवजारे वापरली, तर त्याचा मेन्यू आपोआप शेजाऱ्याच्या मेन्यूसारखा दिसे आणि वागे. वेगळा मेन्यू हवा असेल तर तो मुळापासून स्वतः रचावा लागे, आणि १२८ किलोबाइटांच्या तुटपुंज्या जागेत ती चैन परवडणारी नव्हती. म्हणजे शिरस्ता पाळणे स्वस्त आणि मोडणे महाग, अशी ही व्यवस्था होती. आणि कोणत्याही सरकारी फर्मानापेक्षा अशी व्यवस्था अधिक काळ टिकते, याला महसुलाच्या इतिहासात भरपूर आधार सापडेल. याच्या जोडीला एक कठोर उपायही योजलेला होता: मॅकिन्टॉशच्या पहिल्या कळफलकावर बाणांच्या कळा मुद्दामच ठेवलेल्या नव्हत्या, जेणेकरून जुन्या यंत्रांवरील आज्ञावल्या जशाच्या तशा उचलून आणणाऱ्यांची वाट बंद व्हावी आणि माऊसला शरण गेल्यावाचून कोणाचे चालू नये. लेखकांना तो उपाय जुलमी वाटला आणि पुढे कळा परत आल्या. पण तोवर त्याचे काम झालेले होते.

त्या यंत्राच्या दर्शनी व्यवहाराच्या नियमांचा पहिला मसुदा जोआना हॉफमन हिने लिहिला, आणि कारागिरांसाठीचा 'इनसाइड मॅकिन्टॉश' हा ग्रंथ मुख्यतः कॅरोलिन रोझ हिच्या लेखणीतून उतरला. हा ग्रंथ आरंभी सुट्या पानांच्या मसुद्याच्या रूपाने कारागिरांच्या हाती फिरत असे. १९८५मध्ये तो दूरध्वनीच्या यादीसारख्या हलक्या कागदावर एकत्र छापला गेला आणि त्याच वर्षी रीतसर खंडांत प्रसिद्ध झाला. त्याच्या जन्मकथेत हस्तपुस्तिकेच्या लेखकाचे खरे स्थान दिसून येते. ॲन्डी हर्ट्झफेल्ड हा त्या अवजारांचा एक प्रमुख कर्ता सांगतो, की रोझबाई एखाद्या गोष्टीचे स्पष्टीकरण मागू लागल्या आणि ते आपल्याला धड देता येईना, तर दोष त्यांच्या आकलनात नसून आपल्या रचनेत आहे हे त्याला कळून चुके, आणि तो परत जाऊन आज्ञावलीच बदली. लिहिणाऱ्याला जे दोन वाक्यांत सांगता येत नाही ते वापरणाऱ्याला दोन क्षणांत कळणार नाही, हा निकष तिथे कोणी फळ्यावर लिहून ठेवलेला नव्हता. परंतु ग्रंथ आणि यंत्र एकाच वेळी घडत असल्यामुळे तो आपोआप लागू झाला. इतर बहुतेक कंपन्यांत लेखकाला बोलावणे जाई ते आज्ञावली गोठल्यानंतर, आणि मग त्याच्या वाट्याला कारकुनी उरे: जे आहे ते, जसे आहे तसे, समजावून द्या. मॅकिन्टॉशच्या ग्राहकासाठी दिलेली पुस्तिका, तिच्यासोबतची ध्वनिफीत आणि पडद्यावरील सफर यांचा आटोपशीरपणा पाहिला, म्हणजे रचनेत वाचलेले श्रम पानांच्या संख्येत कसे दिसतात ते ध्यानात येते.

तथापि ॲपलच्या दरबारातही सर्व काही शास्त्रशुद्ध होते असे नाही. नको असलेला दस्तऐवज केराच्या टोपलीत टाकावा हे ठीक. पण चकती यंत्राबाहेर काढण्यासाठी तिचे चित्रही त्याच टोपलीत नेऊन टाकावे लागे, आणि आपला सारा दस्तऐवजसंग्रह नष्ट तर होणार नाही ना, या धास्तीने पुष्कळांचा हात प्रथम थबके. एकरूपतेचे स्तोत्र गाणाऱ्या कंपनीने हा अपवाद वर्षानुवर्षे जपला, यात मला मनुष्यस्वभावाची गंमत वाटते.

१९८७ हे वर्ष या इतिहासात संहितांचे वर्ष ठरले. ॲपलने त्या वर्षी आपल्या नियमांचे पुस्तक जाहीर रीतीने प्रकाशित केले. त्यात दहा तत्त्वे मांडलेली होती, आणि सुसंगती, क्षमाशीलता, दृश्य परिणाम, वापरणाऱ्याच्या हाती सत्ता ही त्यांतील काही. क्षमाशीलता म्हणजे चूक झाली तरी ती परत घेता यावी. हे तत्त्व संहितेत लिहिले गेले याचे श्रेय द्यावयास हवे, कारण त्यापूर्वीची पुष्कळ यंत्रे गुन्हा आणि शिक्षा यांच्यामध्ये अपिलाची तरतूद ठेवत नसत. १७ मार्च १९८७ रोजी आयबीएमने याहून कितीतरी महत्त्वाकांक्षी जाहीरनामा काढला. मोठे संगणक, मध्यम संगणक आणि वैयक्तिक संगणक या आपल्या तीन मुलखांत एकच कायदा लागू करण्याचा तो संकल्प होता. त्यातील 'कॉमन युजर ॲक्सेस' या प्रकरणाने पडद्यावरील व्यवहाराचे नियम ठरवले. एफ-१ म्हणजे मदत, एफ-३ म्हणजे निर्गमन, एफ-१२ म्हणजे माघार; पडद्याच्या माथ्यावर मेन्यूची आडवी पट्टी, एफ-१० दाबताच तिच्याकडे लक्ष, तिच्या आरंभी 'फाइल' आणि अखेरीस 'हेल्प'; आल्ट आणि एफ-४ एकत्र दाबले की खिडकी बंद. नक्कल, कापणे व चिकटवणे यांसाठी कंट्रोल-इन्सर्ट, शिफ्ट-डिलीट व शिफ्ट-इन्सर्ट अशा जोड्या नेमल्या. १९८९ आणि १९९१ साली या संहितेच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या, आणि पुस्तके प्रत्येक वेळी अधिक जाड होत गेली.

या पुस्तकांतील गद्य रुक्ष आहे. ते वाचताना जमाबंदीची कलमे वाचत असल्याचा भास होतो, आणि त्यात कोठेही टेस्लरच्या त्या रागावलेल्या गृहस्थाचे दर्शन घडत नाही. तरीही या संहितेच्या कर्त्यांची अडचण समजून घ्यावयास हवी. हिरव्या अक्षरांच्या, माऊस नसलेल्या टर्मिनलावर बसणारा बँकेतील कारकून आणि रंगीत पडद्यासमोर बसणारा चित्रकार या दोघांना एकाच नियमाखाली आणावयाचे असल्यामुळे त्यांना दोघांकडेही असलेल्या एकाच वस्तूचा, म्हणजे कार्यकळांचा, आधार घ्यावा लागला. आणि म्हणूनच आजच्या वापरणाऱ्याला अनाकलनीय वाटणाऱ्या एफ-क्रमांकांच्या त्या जोड्या जन्माला आल्या. मोठ्या साम्राज्याचा कायदा असाच सर्वांत गरीब सुभ्याच्या ऐपतीला बेतून लिहिला जातो.

आयबीएमचा हा कायदा अमलात कोणी आणला, तर तिच्या भागीदाराने आणि पुढे प्रतिस्पर्धी झालेल्या मायक्रोसॉफ्टने. १९८७च्या अखेरच्या 'विंडोज' आवृत्तीपासून हे नियम तिच्यात उतरू लागले, आणि मे १९९०मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीच्या अफाट खपाबरोबर ते घरोघर पोचले. डॉसच्या साध्या पडद्यावरही त्यांचे अनुकरण झाले: १९९१च्या डॉसमधील 'एडिट' ही चिमुकली आज्ञावली उघडून पाहिली तर माथ्यावर 'फाइल'पासून 'हेल्प'पर्यंतची पट्टी दिसते. १९९२च्या 'विंडोज ३.१'मध्ये ॲपलच्या घरची झेड-एक्स-सी-व्ही ही चौकडी कंट्रोल कळीच्या जोडीने दाखल झाली. आयबीएमच्या जोड्याही रद्द केल्या गेल्या नाहीत, आणि त्यामुळे एकाच क्रियेला दोन घराण्यांच्या दोन कळा असा दुहेरी अंमल सुरू झाला, जो आजतागायत चालू आहे. जुन्या संस्थानिकांनी मात्र सहजासहजी शस्त्र खाली ठेवले नाही. १९९१मध्ये 'वर्डपरफेक्ट'ची विंडोजवरील आवृत्ती निघाली तेव्हा तीत दोन कळफलकांची निवड होती, एक नव्या संहितेचा आणि एक जुन्या 'वर्डपरफेक्ट'चा. कारण एफ-३ला मदत मानून दहा वर्षे काढलेल्या माणसाला तीच कळ आता मजकुराला नवे नाव देऊन ठेवील हे सांगणे म्हणजे त्याची सारी कमाई जप्त करणे होते.

शिरस्त्याची किंमत कळली म्हणजे त्याच्या मालकीचा तंटा उपस्थित होतोच. आयबीएमच्या जाहीरनाम्याला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, १७ मार्च १९८८ रोजी, ॲपलने मायक्रोसॉफ्ट आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांच्याविरुद्ध आपल्या पडद्याचे एकंदर रूप चोरल्याची फिर्याद दाखल केली. न्यायालयाने ॲपलने मांडलेल्या १८९ बाबींपैकी १७९ पूर्वीच्या परवान्यात आलेल्या आहेत असे ठरवले, उरलेल्यांत फारसे तथ्य मानले नाही, आणि १९९४च्या अपिलातही ॲपल हरली. मला अधिक उद्बोधक वाटतो तो दुसरा खटला. बोर्लंड कंपनीने आपल्या 'क्वाट्रो प्रो' या तक्त्यांच्या आज्ञावलीत 'लोटस १-२-३'च्या मेन्यूंची हुबेहूब सोय ठेवली होती: पन्नासाहून अधिक मेन्यू व उपमेन्यूंत विभागलेल्या ४६९ आज्ञा. लोटसने १९९०मध्ये दावा लावला, खालच्या न्यायालयात जिंकला, आणि मार्च १९९५मध्ये बोस्टन येथील अपील न्यायालयाने तो निवाडा फिरवला. आज्ञांचा तो वृक्ष म्हणजे यंत्र चालवण्याची पद्धत होय आणि पद्धतीवर लेखाधिकार सांगता येत नाही, असा निर्णय देताना न्यायालयाने हेही म्हटले, की एकच क्रिया प्रत्येक आज्ञावलीत निराळ्या रीतीने शिकण्याची सक्ती वापरणाऱ्यावर व्हावी हे हास्यास्पद आहे. सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीशांची मते चार विरुद्ध चार पडली आणि जानेवारी १९९६मध्ये तो निर्णय तसाच कायम राहिला. म्हणजे कारकुनाची ती जुनी कैफियत अखेर न्यायासनापर्यंत पोचली खरी. पण तोपर्यंत 'लोटस'चे राज्यच विंडोजच्या लाटेत वाहून गेले होते.

हे सारे एकरूपतेच्या बाजूने झाले. तिच्याविरुद्ध पक्ष मांडणारेही निघाले, आणि त्यांतील जोनाथन ग्रुडिनचा १९८९मधील निबंध आजही वाचण्याजोगा आहे. घरातील सुऱ्या एकाच कप्प्यात ठेवणे सुसंगत दिसते, पण जेवणाची सुरी ताटाजवळ आणि रंगकामाची हत्यारांच्या पेटीत ठेवण्यातच शहाणपण असते, अशा उदाहरणाने त्याने दाखवून दिले, की कामाचा विचार सोडून केलेली सुसंगती ही नुसती नीटनेटकेपणाची हौस होय. आयबीएमच्या संहितेतील पुष्कळ कलमांना हा आक्षेप लागू पडतो. प्रत्येक मेन्यूपट्टीचा आरंभ 'फाइल'ने व्हावा या हट्टापायी ज्या आज्ञावल्यांचा फाइलींशी संबंधच नव्हता त्यांनाही तो शब्द कपाळावर मिरवावा लागला, आणि काम संपवून निघण्याची आज्ञा त्याच्या पोटात दडवावी लागली. १९९६मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ९२४१च्या दहाव्या भागाने जी तत्त्वे ठरवली त्यांत वापरणाऱ्याच्या अपेक्षेशी जुळणे आणि कामाला योग्य असणे ही दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. त्यांचे भांडण कसे मिटवायचे ते त्या मानकाने कारागिरावर सोपवले, आणि ते योग्यच केले.

इकडे हस्तपुस्तिकांचेही मानकीकरण चालू होते. आयबीएमच्याच वॉटसन संशोधन केंद्रातील जॉन कॅरोल याने टंकलेखिका व कचेरीतील मंडळी शब्दलेखनाची यंत्रे कशी शिकतात याचे निरीक्षण केले, तेव्हा त्याला आढळले की पुस्तक क्रमाने कोणीच वाचत नाही; माणसे थेट काम करू लागतात, चुकतात, आणि चूक कशी निस्तरावी हे पुस्तकात नेमके सापडत नाही म्हणून अडकतात. त्याने प्रस्तावना, पुनरुक्ती आणि सिंहावलोकने छाटून, खऱ्या कामांवर आणि चुकांच्या निवारणावर भर देणारी मूळच्या मानाने फारच लहान पुस्तिका सिद्ध केली, आणि ती वाचणारे लवकर शिकले. १९९०च्या त्याच्या ग्रंथाला डोक्यात ज्ञान ओतण्याच्या जर्मन दंतकथेतील नरसाळ्याचे नाव आहे, आणि असे नरसाळे नसते हाच त्याचा निष्कर्ष. दुसऱ्या बाजूने मोठ्या कंपन्यांनी लेखकांसाठी शैलीचे नियम केले: एका क्रियेला सर्व पुस्तकांत एकच शब्द, कळ नेहमी 'दाबायची', पायऱ्यांना क्रमांक, पडद्यावरील शब्द ठळक टंकात. मायक्रोसॉफ्टचे असे पुस्तक १९९५मध्ये बाजारात विकावयास आले. योगायोग असा, की ज्या वर्षांत हस्तपुस्तिका लिहिण्याचे शास्त्र पूर्णत्वाला आले, त्याच वर्षांत तिची छपाई थांबू लागली. मदत पडद्यावर गेली, पुस्तक चकतीवर गेले, आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुकानदारांनी बाहेरच्या लेखकांची जाड पुस्तके मांडली.

मराठी वाचकाला या इतिहासातील एक अध्याय परका वाटू नये. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले भारतीय लिप्यांचे काम, १९८६मध्ये ठरलेला 'इन्स्क्रिप्ट' कळफलक आणि १९९१चे भारतीय मानक १३१९४ यांनी देवनागरीपासून कन्नडपर्यंत सर्व लिप्यांना एकच मांडणी दिली: स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या, आणि 'क'ची कळ सर्व भाषांत तीच. तर्कदृष्ट्या यापरता सुंदर शिरस्ता झाला नसता. तरीही कित्येक वर्षे आमचे छापखाने आणि कचेऱ्या टंकलेखनयंत्राच्या जुन्या मांडणीवर व प्रत्येक विक्रेत्याच्या खाजगी टंकसंकेतावर चालत राहिल्या, आणि एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या ठिकाणी उघडला की अक्षरांचा चिवडा होई. मानक कागदावर होते, परंतु ते पाळणे स्वस्त आणि मोडणे महाग करणारे कोणी नव्हते. हाताला सवय झालेल्या टंकलेखकाचा दोष त्यात सर्वांत कमी.

आज त्या काळच्या बहुतेक आज्ञावल्या चालवून पाहणे कठीण झाले आहे. चकत्या बुरसल्या, त्या वाचणारी यंत्रे मोडीत गेली. कोणत्या कळीने काय होई, कोणत्या गोष्टीला किती पाने खर्ची पडत, मराठी टंक बसवताना कोणत्या कोष्टकाकडे पाहावे लागे, याचा पुरावा राहिला आहे तो कड्यांच्या बांधणीतील त्या पुस्तिकांत, कळांवर बसवायच्या पट्ट्यांत आणि शिकवणी वर्गांनी चक्रमुद्रित करून वाटलेल्या टिपणांत. आपल्या कचेरीच्या, छापखान्याच्या किंवा बंद पडलेल्या वर्गाच्या कपाटात असे काही शिल्लक असेल, तर ते रद्दीवाल्याच्या हवाली करण्यापूर्वी जवळच्या ग्रंथालयाकडे द्यावे, आणि त्यावर वर्ष व गाव लिहून द्यावे.